ऊन गिळणारी राळ

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात विजेची दोन बटणं एकाच दिवशी बसवली होती, एकाच खोक्यातली. काळसर तपकिरी, टपोरी, दाबली की ‘टक’ असा आवाज करणारी. एक आत सोप्यात, जिन्याखालच्या अंधाऱ्या भिंतीवर. दुसरं बाहेर, कट्ट्यावरच्या दिव्याचं, पश्चिमेच्या उन्हात. तेव्हा मी शाळेत होतो. आता घर उतरवायची बोलणी चालली आहेत, म्हणून परवा दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवली. आतलं नुसतं फडक्यानं पुसलं तर चकाकायला लागलं. बाहेरच्यावर बोट फिरवलं तर बोटाला तपकिरी भुकटी आली, पाटीवरच्या खडूसारखी. आई त्याच्याकडे बघून नेहमी म्हणायची, “उन्हानं खाल्लं बघ त्याला.”

बोलायला ते ठीक आहे. पण उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळू तपासायच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढल्यावर मला ते उलटं वाटायला लागलं. त्या बटणानंच ऊन खाल्लं होतं. वर्षानुवर्षं पोटभर खाल्लं, आणि त्याला ते पचलं नाही.

ज्या राळेचं ते बटण होतं, ती फिनॉलिक राळ. सूर्याचे अतिनील किरण गिळण्यात ती पटाईत. तिच्याच भाऊबंदांतली काही रसायनं मात्र गिळलेलं ऊन पचवूनही दाखवतात, आणि म्हणूनच शेतातल्या पॉलिहाउसचा प्लास्टिकचा कागद किंवा गाडीचा रंग दोन-चार उन्हाळे काढतो. दोघांच्या रेणूंमध्ये फरक म्हणाल तर एका जागेचा. कुठल्या जागेचा, ते सांगायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

फिनॉल म्हणजे जुन्या लाल साबणाचा वास. कार्बोलिक म्हणायचो ते हेच. त्याचा रेणू डोळ्यांपुढे आणायचा तर सहा कार्बनचं एक षटकोनी कडं आणि त्याच्या एका कोपऱ्याला लटकलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्या द्रावात बुडवून ठेवतात, त्या द्रावातला झोंबरा वायू म्हणजे फॉर्माल्डिहाइड. या दोघांना एकत्र आणून तापवलं की फॉर्माल्डिहाइडचा एकेक कार्बन दोन कड्यांच्या मध्ये पुलासारखा बसतो आणि पाणी बाहेर पडतं. कड्याला कडं, त्याला आणखी कडं, असं करत तिन्ही बाजूंनी जाळं विणलं जातं. एकदा ते पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही. १८७२ साली आडॉल्फ फॉन बायर या जर्मन शास्त्रज्ञाला ही अभिक्रिया दिसली होती, पण हाती आलेल्या चिकट गोळ्याचं त्याला काही करावंसं वाटलं नाही. मूळच्या बेल्जियमच्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या लिओ बेकलंड यांनी उष्णता आणि दाब यांच्या जोरावर तो गोळा हवा तसा साच्यात बसवून दाखवला. १९०७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९०९ मध्ये ती गोष्ट जाहीर केली. तेच बेकेलाइट, आणि तेच आमचं बटण.

आमच्या बेळगावात या राळेची खरी ओळख मात्र फाउंड्रीतली. उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात भट्ट्या पेटतात, तिथं कोअर शॉपमध्ये, म्हणजे ओतकामात पोकळी राखणारे वाळूचे गाभे (कोअर) करतात तिथं, ‘कोटेड सँड’ची पोती असतात. वाळूच्या कणाकणावर या राळेचा पातळ लेप, वजनानं दोन ते पाच टक्के. अडीचशे अंशांच्या आसपास तापलेल्या कोअर बॉक्सवर ती वाळू टाकली की लेप वितळतो, वाळूतलंच हेक्झामिन नावाचं रसायन त्याला आवळतं आणि मिनिटभरात कडक कवच तयार होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात योहानेस क्रोनिंग या जर्मन माणसानं काढलेली ही पद्धत. आमच्याकडे कोअर काढणारी जुनी माणसं घड्याळ बघत नसत, रंग बघत. पिवळट निघाला तर कच्चा, टोस्टसारखा तपकिरी निघाला तर बरोबर, काळपट झाला तर करपला. नवीन पोराला एवढंच सांगायचे, “रंगाकडं बघ की, तो बोलतोय.” हा तपकिरी रंग लक्षात ठेवा. तो पुढे कामाला येणार आहे.

आता उन्हाकडे वळू. डोळ्यांना दिसणारा प्रकाश जांभळ्या रंगापाशी संपतो, साधारण ४०० नॅनोमीटरला. त्याच्या अलीकडचा, म्हणजे आखूड लहरींचा, तो अतिनील. सूर्याकडून येणाऱ्या अतिनीलपैकी सगळ्यात आखूड आणि घातक भाग वर ओझोनच्या थरातच अडतो. जमिनीवर पोचतो तो साधारण २९५ ते ४०० नॅनोमीटरचा. एकूण उन्हाच्या मानानं हा वाटा लहानच, शंभरातले पाचेक. पण प्रकाश पुडक्यांनी येतो आणि लहर जितकी आखूड तितकं एकेक पुडकं वजनदार. ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाच्या मोलभर (मोल म्हणजे रसायनशास्त्रातलं मोजायचं माप, ठरावीक प्रचंड संख्या) पुडक्यांत २१७ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. ३०० नॅनोमीटरच्या तेवढ्याच पुडक्यांत ती ४०० च्या घरात जाते. आणि कार्बनला कार्बनशी बांधणारा साधा बंध तोडायला लागतात सुमारे ३५०. म्हणजे हिरव्या उजेडाची कितीही पुडकी येऊन आदळली तरी बंध हलत नाही, आणि अतिनीलचं एकच पुडकं नेमकं लागलं तर तो तुटू शकतो. हत्तीच्या पाठीवर हजार चेंडू मारून काही होत नाही, पण एक बंदुकीची गोळी लागली तर होतं, तसं काहीसं.

इथं आपल्या गावाबद्दल एक बोलून घेतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, हवा गार. त्यामुळे इथल्या माणसाला वाटतं की आपलं ऊन सौम्य. पण अतिनील किरणांचा आणि हवा गरम लागण्याचा काही संबंध नाही. उलट उंचीवर हवेचा थर पातळ, म्हणून ते थोडे जास्तच. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा इथं आभाळ फाटलेलं असतं, कोण बघणार? मुद्दा एवढाच, की अंगाला गार वारा लागत असताना कट्ट्यावरच्या बटणाला मात्र पुरता मार बसत होता.

मग सगळेच पदार्थ हा मार सारखा का खात नाहीत? काच, मीठ, शुद्ध पॉलिथिन यांच्यातून हे किरण बऱ्यापैकी आरपार जातात. फिनॉलिक राळेनं ते का अडवावेत?

नागपंचमीला आमराईत बांधलेला झोका आठवा. झोक्याला स्वतःची एक लय असते. त्या लयीत धक्का दिला तर पोरगी फांदीला पाय लावून येते. लय चुकवून कितीही जोरात ढकला, झोका नुसता डचमळतो. रेणूतल्या इलेक्ट्रॉनचंही असंच. फिनॉलच्या षटकोनी कड्यात सहा इलेक्ट्रॉन कुणा एका कार्बनचे नसतात, सगळ्या कड्यावर फिरत असतात. त्यांची लय अतिनील प्रकाशाच्या लयीशी जुळते, म्हणून ते त्याचं पुडकं उचलतात आणि वरच्या पातळीवर चढतात. साध्या पॉलिथिनमधले इलेक्ट्रॉन दोन कार्बनच्या मध्ये घट्ट अडकलेले, आखूड दोरीचा झोका. त्यांची लय इतकी वेगळी की जमिनीवरच्या उन्हात ती सापडतच नाही.

दोरी लांबवली की झोका संथ होतो, म्हणजे लांब लहरींशी जुळतो. नुसत्या बेंझीनच्या कड्याची लय २५४ नॅनोमीटरच्या आसपास. त्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लावली, म्हणजे फिनॉल झालं, की २७० वर येते. अल्कलीत टाकून तो हायड्रोजन काढून घेतला की २८७ च्या आसपास. कड्याला आणखी कार्बन-ऑक्सिजनची जोडी आणि शेजारी दुसरं कडं जोडत गेलं की ३३०, ३५०. रसायनशास्त्रज्ञ दोरी हवी तेवढी सोडू शकतो.

सावध वाचकाच्या इथं एक खोट लक्षात येईल. जमिनीवर येणारं ऊन २९५ पासून पुढचं, आणि फिनॉलची लय २७० ची. मग बटणानं गिळलं काय? मलाही हा प्रश्न बरीच वर्षं पडला होता. उत्तर त्या तपकिरी रंगात आहे. राळ तापून पक्की होताना काही कड्यांचं ऑक्सिडीकरण होतं, त्यांच्यातले दोन-दोन हायड्रोजन निघून जातात आणि क्विनोनच्या जातीच्या रचना तयार होतात. त्यांची दोरी खूप लांब. त्या जवळचं अतिनील गिळतात, आणि निळा-जांभळा दिसणारा प्रकाशही गिळतात. निळा गेला की डोळ्यांना उरतो पिवळा-तपकिरी. कोअर शॉपमधली माणसं जो रंग बघून ‘भाजला’ म्हणायची, तो रंग म्हणजे राळेची वाढलेली भूक होती.

आणि ही भूक वाढतच जाते. गिळलेली ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन वर चढला, पण त्याला खाली तर यायचंच आहे. शांतपणे उष्णता होऊन आला तर उत्तम. प्रकाश सोडत आला तरी चालेल. पण फिनॉलच्या कड्यावर एक तिसरी वाट उघडी असते: टोकाचा हायड्रोजनच उडून जातो आणि मागे उरतो एक अर्धवट, अस्वस्थ रेणू. त्याला मूलक म्हणतात. हवेतला ऑक्सिजन येऊन त्याला चिकटतो, त्यातून नवे क्विनोन, म्हणजे अधिक तपकिरी, म्हणजे उद्या अधिक भूक. बटण आधी काळवंडतं ते यामुळे. मग वरच्या थरातली राळ तुटून तुटून पावसानं धुपून जाते, आणि राळेत भर म्हणून घातलेला लाकडाचा भुसा उघडा पडतो. माझ्या बोटाला लागलेली भुकटी तीच. या राळेच्या वस्तू पांढऱ्या किंवा फिक्या रंगात सहसा मिळत नाहीत, त्याचंही कारण हेच. घरातलं सनमायका लावलेलं टेबल असेल तर त्याची कड बघा, पांढऱ्या पृष्ठभागाखाली एक तपकिरी रेघ दिसेल. आतले कागद फिनॉलिक राळेत भिजवलेले, स्वस्त आणि मजबूत. वरचा दिसणारा थर मात्र मेलामाइनचा, कारण तो पिवळा पडत नाही. कारखानदारांनी फिनॉलिकला कामाला ठेवलं, पण दारात उभं केलं नाही.

हे दुखणं माणसानं केलेल्या राळेचंच आहे असंही नाही. लाकडात तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन हीसुद्धा निसर्गानं विणलेली फिनॉलिक राळच. खानापूरच्या जंगलातलं सागवान नवीन असताना सोनेरी, आणि उन्हापावसातला दरवाजा काही वर्षांनी राखाडी. ऊन लिग्निन तोडतं, पाऊस ते धुऊन नेतो, मागं उरतात सेल्युलोजचे राखी तंतू. पुड्या बांधायला ठेवलेलं वर्तमानपत्र खिडकीत पिवळं पडतं तेही त्यातल्या लिग्निनमुळे. चांगल्या वहीचा कागद तितका पडत नाही, कारण त्यातलं लिग्निन आधीच काढलेलं असतं. हळदीचा रंगही फिनॉलच्या कड्यांचा, आणि पंगतीत शर्टावर पडलेला हळदीचा डाग साबणानं हटत नाही पण उन्हात वाळत घातला की उडतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. गिळलं, पचलं नाही, मोडलं.

आता पचवणाऱ्यांकडे येतो. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात देखणा भाग.

गुडघ्याला लावायच्या बामला जो उग्र गोडसर वास येतो तो बहुतेक वेळा मिथाइल सॅलिसिलेटचा. विंटरग्रीनचं तेल म्हणतात ते. याच्याही रेणूत फिनॉलचं कडं आहे, ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे. पण तिच्या अगदी शेजारच्या कोपऱ्यावर कार्बनला दुहेरी बंधानं धरलेला एक ऑक्सिजन बसलाय. इतका जवळ, की पहिल्या ऑक्सिजनचा हायड्रोजन त्याच्याकडे ओढला जातो. बोळ इतका अरुंद की या घराच्या उंबऱ्यावरून त्या घराच्या उंबऱ्यावर हात पोचावा.

अंधारात हा हायड्रोजन आपल्या घरी असतो. अतिनीलचं पुडकं लागलं की कड्यातले इलेक्ट्रॉन सरकतात, आपलं घर परकं होतं आणि शेजारचं घर जास्त ओढ लावतं. हायड्रोजन बोळ ओलांडून तिकडे जातो. याला वेळ किती लागतो? एका सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले, तर त्यातला एखादा भाग. तिकडे गेला की रेणूची सगळी मांडणी बदलते आणि त्या मांडणीतून खाली येणारी वाट घसरगुंडीसारखी असते. ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. खाली आल्यावर हायड्रोजनच्या लक्षात येतं की आपलं जुनं घरच बरं, आणि तो परततो. रेणू जसाच्या तसा. काही तुटलं नाही, काही उडालं नाही, पुढच्या पुडक्याला तयार.

१९५० च्या दशकात अल्बर्ट वेलर या जर्मन शास्त्रज्ञाला सॅलिसिलेटच्या प्रकाशात एक विचित्र गोष्ट दिसली होती. आत जाणारा प्रकाश अतिनील, आणि बाहेर येणारी चमक निळसर, अपेक्षेपेक्षा फारच लांब लहरींची. मधे ऊर्जा गेली कुठे, याचा माग काढताना हायड्रोजनची ही ये-जा पुढे आली. बामच्या बाबतीत थोडी ऊर्जा अशी निळी चमक होऊनही बाहेर पडते. पुढे जी खास रसायनं तयार झाली, हायड्रॉक्सिबेंझोफेनोन आणि हायड्रॉक्सिफिनाइल बेंझोट्रायाझोल या घराण्यांतली, त्यांच्यात जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णतेतच जाते. नावं लांबलचक आहेत, लक्षात ठेवायची गरज नाही. सगळ्यांत एकच युक्ती आहे: फिनॉलची जोडी आणि तिच्या लगेच शेजारी हायड्रोजन धरायला तयार असलेला ऑक्सिजन किंवा नायट्रोजन.

जागा किती महत्त्वाची, बघा. तीच जोडी कड्याच्या समोरच्या टोकाला बसवली, तर रेणूत अणू तेवढेच, वजन तेवढंच, ऊन गिळण्याची ताकदही आहे. पण बोळ उरला नाही. हायड्रोजनला जायला शेजार नाही. असा रेणू उन्हात स्वतः तर बिघडतोच, आजूबाजूच्या प्लास्टिकचे हायड्रोजनही ओढून त्यालाही बिघडवतो. रखवालदार म्हणून ठेवला आणि तोच चोर निघाला.

मग राळेचा संबंध पुन्हा कुठे आला? ही रसायनं लहान रेणूंची. प्लास्टिकमध्ये मिसळली तर सुरुवातीला छान पसरलेली असतात, पण ती तिथं बांधलेली नसतात. उन्हाच्या तापात हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात, लोणच्यातलं तेल वर यावं तशी. काही उडून जातात, काही पावसात धुपतात, पातळ फिल्म असेल तर लवकरच. वस्तू शाबूत आणि पहारा गेलेला, असं होतं. यावर एक उपाय म्हणजे हे रेणू फिनॉल आहेत याचाच फायदा घ्यायचा. फिनॉल आहे म्हटल्यावर फॉर्माल्डिहाइडशी त्याची सोयरीक होऊ शकते. कड्याचे मोकळे कोपरे वापरून तेच जुने कार्बनचे पूल बांधायचे आणि पचवणाऱ्या रेणूंची साखळी विणायची. बेकलंडची कृती, पण घटक बदललेले. साखळी लांब आणि जड, म्हणून सरकत नाही, उडत नाही. अतिनील शोषणाऱ्या फिनॉलिक राळा म्हणतात त्या या. अट एकच: पूल बांधताना बोळाला हात लावायचा नाही. ती ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी विणकामात खर्ची पडली किंवा तिच्या हायड्रोजनला तिसऱ्याच कुणी धरून ठेवलं, तर राळ ऊन गिळत राहील, पण पचन बंद. गोष्ट परत आमच्या बटणापाशी येईल.

राळेची ही भूक सगळीकडे हवीशी असते असंही नाही. ऑफसेट छपाईची जी ॲल्युमिनियमची प्लेट असते, तिच्यावर आमच्या कोअर शॉपमधल्या राळेचीच बहीण, नोव्होलॅक, लावलेली असते. तिच्यात एक प्रकाशाला जागणारं रसायन असतं. अतिनील पडला त्या जागेचा लेप अल्कलीत विरघळतो, बाकीचा टिकतो. म्हणून प्लेट करायच्या खोलीत पिवळा दिवा. संगणकाच्या चिपवर बारीक नक्षी कोरायलाही बरीच वर्षं हाच लेप चालला. पण नक्षी आणखी बारीक करायला २४८ नॅनोमीटरचा प्रकाश वापरायचं ठरलं तेव्हा नोव्होलॅकनं घात केला. तिथं तो इतका अधाशी, की सगळा प्रकाश वरच्या थरातच संपायचा, तळापर्यंत पोचायचाच नाही. शेवटी फिनॉलची कडी वेगळ्या पद्धतीनं ओवलेला, तिथं कमी गिळणारा दुसरा बहुवारिक (पॉलिमर) शोधावा लागला.

वरच्या थरातच संपणं ही गोष्ट शेतकऱ्याला मात्र फार महत्त्वाची. समजा थराच्या पहिल्या ५० मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) शंभरातले नव्वद किरण गिळले गेले. पुढच्या ५० मध्ये उरलेल्या दहातले नऊ. म्हणजे जाड वस्तूचं फक्त कातडं सोसतं, आतला गाभा सुरक्षित. आमचं बटण भुकटी होऊनही आतून घट्ट राहिलं ते त्यामुळे. पण पॉलिहाउसचा कागद असतोच मुळी २०० मायक्रॉनचा. त्याला गाभा असा नाहीच.

आता हा कागद म्हणजे माझ्या आतेभावाचा विषय. कडोलीकडे त्याचं अर्ध्या एकराच्या आसपास पॉलिहाउस आहे, ढबू मिरचीचं. दोन वर्षांपूर्वी नवीन कागद घातला, दुकानदारानं तीन उन्हाळ्यांची हमी तोंडी दिली. दुसऱ्याच उन्हाळ्यात फाटला. मला फोन आला.

“दादा, येऊन बघ की जरा. कागदात औषधच घातलेलं नाही बघ त्यांनी. फसवलं मला.”

गेलो. कागद फाटला होता, पण कुठे? कमानीच्या लोखंडी पाइपांच्या रेघेवर, एका ओळीत, जणू कातरीनं कापलाय. दोन कमानींच्या मधला भाग ओढून बघितला, चांगला चिवट. औषधच नसतं तर मधलाही गेला असता.

थोडं काळ्या प्लास्टिकबद्दल सांगून मग इकडे येतो. पाण्याची टाकी, ठिबकचा पाइप काळे का असतात? काजळी. दोनेक टक्के काजळी घातली की ती सगळ्या रंगांचा प्रकाश गिळते आणि उष्णता करून टाकते. स्वस्त आणि मस्त. पण पॉलिहाउसला काळं करून चालत नाही, पिकाला उजेड पाहिजे. तिथं असं काही पाहिजे जे ४०० च्या अलीकडचं सगळं खाईल आणि पलीकडचं तोंडातही घालणार नाही. फिनॉलच्या शेजारावर चालणारी रसायनं इथंच उपयोगी पडतात. आणखी एक फायदा असा, की अतिनील अडवणाऱ्या कागदाखाली पांढरी माशी आणि फुलकिडे थोडे गोंधळतात, कारण त्यांना वाट शोधायला तोच प्रकाश लागतो.

शिवाय अशा कागदात सहसा एक दुसरा पहारेकरीही असतो. तो अमाइन घराण्यातला. तो ऊन अडवत नाही; उन्हातून सुटलेले मूलक धरून बसवतो. म्हणजे एक जण दारात, एक जण घरात. हा दुसरा पहारेकरी स्वभावानं अल्कलीसारखा, आणि आम्लापुढे तो निकामी होतो. मी आतेभावाला विचारलं, मिरचीवरच्या भुरीला, त्या पांढऱ्या बुरशीला, काय मारतोस?

“गंधक. रात्री भांड्यात धूर करतो की. लई गुण येतोय.”

गंधकाच्या धुरानं आम्लं तयार होतात, ती कागदात मुरतात आणि घरातल्या पहारेकऱ्याला गप्प करतात. त्यात पाइप दुपारी तापून लाल, त्याला टेकलेला कागद सगळ्यात आधी जाणार. दुकानदारानं खोटं काही विकलं नव्हतं बहुतेक. गंधकाचं सांगितलं नाही, ही त्याची चूक धरायची तर धरा. आतेभावाला ते पटेना.

“दारातला राखणदार हाय म्हणतोस, तो दाखव की मग.”

त्याच्या मेहुण्याच्या किराणा दुकानात नोटा तपासायचा दिवा होता, जांभळट उजेडाचा, तो घेऊन आलो. संध्याकाळी अंधारात नोट खाली ठेवली, तिच्यातले धागे चमकले. मग दिवा आणि नोट यांच्या मध्ये फाटलेल्या कागदाचा तुकडा धरला, मधल्या भागातला. चमक बरीचशी मंदावली. पाइपाजवळचा तुकडा धरला. तेवढीच मंदावली. शेवटी बाजारातून भाजी आणलेली पांढरी पारदर्शक पिशवी धरली, तर धागे जसेच्या तसे लखलखले. त्यानं तिन्ही तुकडे पुन्हा पुन्हा धरून बघितले, पोरांना हाक मारून दाखवले.

दुसऱ्या दिवशी पाइपांना पांढरा रंग द्यायचं ठरलं, म्हणजे तापणार कमी. भुरीसाठी धुराशिवाय दुसरं काय करता येईल ते कृषी खात्यात विचारून येतो म्हणाला. नवीन कागद घेताना दुकानात दिवा खिशात घालून जाणार आहे. मी त्याला सांगितलं, दिव्यानं दारातलाच पहारेकरी दिसतो, घरातला दिसत नाही. तर म्हणाला, “निम्मा तर दिसला की.”